सायनोटाइपची जाहिरात फिकी पडते? आधी पाणी तपासा

निळ्या छपाईची जाहिरात बिघडली की खानदेशात पहिला संशय उन्हावर जातो. मला मात्र बहुतेक वेळा दोषी सापडलं ते पाणी.

सायनोटाइप म्हणजे कागदावर रसायनांचा लेप द्यायचा, वर निगेटिव्ह (पारदर्शक फिल्मवर छापलेलं उलट चित्र) काचेखाली दाबून उन्हात ठेवायचं आणि मग पाण्यात धुवायचं; चित्र निळं उमटतं. ही पद्धत १८४२ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने शोधली. लेपाचं नेहमीचं प्रमाण असं: १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड, आणि दोन्ही समभाग. यात सहसा गडबड होत नाही. गडबड धुताना होते. हा निळा रंग सोड्यासारख्या अल्कलीला टिकत नाही आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. रावेरच्या एका केळी वेफर्सवाल्यासाठी केलेली पोस्टरं मी कपडे भिजवायच्या टबात धुतली. तळाला सोड्याचा अंश राहिला होता. पानाच्या छटा डोळ्यांसमोर उडाल्या आणि पांढऱ्या भागावर पिवळट डाग बसले. आता टब वेगळा, पाणी आरओच्या जारचं आणि पहिल्या धुण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व. तीव्र ऍसिड मात्र अजिबात वापरू नका. फेरीसायनाइडशी त्याचा संयोग विषारी वायू सोडू शकतो.

कागदही असाच फसवतो. टिकाऊ म्हणून महागडा 'ऍसिड-फ्री' कागद घेतला, तर त्यात बहुधा खडूचा अंश असतो आणि निळा त्यावर मरतो. कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर तो कागद नको.

उन्हात ठेवायची वेळ घड्याळावर ठरवू नका. दोन, चार, सहा, आठ मिनिटांची चाचणी-पट्टी काढा. गडद भाग राखाडी, तांबूस झाक आलेला दिसेपर्यंत थांबा, कारण धुताना बराच रंग निघून जातो. एप्रिलच्या दुपारची वेळ श्रावणातल्या ढगाळ दिवशी चालत नाही. आणि लेप पूर्ण वाळल्याशिवाय निगेटिव्ह काचेखाली दाबू नका. तापलेल्या काचेखाली ओलाव्याने फिल्मवरची शाई कागदावर उतरते.

बारीक अक्षरं सायनोटाइपमध्ये करायचा हट्ट सोडा, भरून जातात. चित्र छापा, स्कॅन करा, मजकूर नंतर संगणकावर बसवा. मूळ छपाई दुकानाच्या उन्हातल्या काचेत लावू नका. फिकी पडली, तर काही दिवस अंधारात ठेवा. बराचसा निळा परत येतो. काचेत स्कॅनची प्रत लावा.