तिकीट आधी उलटं करून बघा

संग्रहासाठी जुनं टपाल तिकीट विकत घेताना ते चिमट्याने उचला आणि आधी उलटं करा. चित्र नंतर बघता येईल. मूळ डिंक शाबूत आहे का, हिंजचा (तिकीट वहीत चिकटवायच्या कागदी पट्टीचा) डाग राहिलाय का, कागद कुठे सोलून पातळ झालाय का, यावर भाव प्रचंड हलतो. पातळ जागा उजेडासमोर धरली की कळते. बारीक घडी आणि जलचिन्ह (कागदातच असलेली फिकट खूण, म्हणजे वॉटरमार्क) बघायला काळी थाळी आणि वॉटरमार्क बघायचं द्रव लागतं. फोटोग्रॅव्हर (फोटोवरून कोरलेल्या साच्याच्या) छपाईच्या तिकिटांना मात्र बेंझिनचं असं द्रव लावू नका, काहींचे रंग सुटतात.

मिंट (न वापरलेलं, कोरं) म्हणून महाग विकलेल्या तिकिटाला नंतर डिंक फासलेला असू शकतो. तो ओळखायला मी भिंगाखाली तिकिटाच्या कडेच्या दात्यांची टोकं बघते. एरवी कागदाला आधी डिंक लागतो, छिद्रं मागाहून पडतात. त्यामुळे तिकीट सुटं करताना तुटलेल्या दात्यांचे तंतू मऊ आणि मोकळे राहतात. नंतर लावलेला डिंक त्या तंतूंत शिरतो आणि टोकं ताठ होतात. एकदा नजर बसली की हा फरक सुटत नाही. दाते मोजायलाही शिका: 2 सेंटीमीटरमध्ये किती, हे गेजवर (दाते मोजायच्या पट्टीवर) बघायचं. एकाच चित्राच्या दोन छपाया कित्येकदा तेवढ्यावरूनच वेगळ्या ओळखतात.

जुनं म्हणजे दुर्मीळ, असं धरून चालू नका. 1840 चं पेनी ब्लॅक हे जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट, पण ती छापली गेली सुमारे 6 कोटी 80 लाख. त्याला दाते नव्हते, कात्रीने कापायचे. म्हणून चारही बाजूंना पांढरी कड नीट राहिलेलं तिकीट मोलाचं आणि चित्रात कात्री घुसलेलं स्वस्त. रकमेचा आकडा मोठा असेल तर तज्ज्ञांचं प्रमाणपत्र मागाच. प्रमाणपत्रावरचा फोटो आणि हातातलं तिकीट दाता-दाता ताडून बघा, शिक्क्याची जागासुद्धा.

विकताना स्टॅन्ली गिबन्स, स्कॉट किंवा मिशेलच्या कॅटलॉगमधला आकडा हाती पडेल अशी आशा धरू नका. तो निर्दोष प्रतीचा असतो, आणि तुमच्याकडून घेणाऱ्या व्यापाऱ्याला त्यातून स्वतःचा खर्च आणि नफा काढायचा असतो. तुमच्यासारखंच तिकीट लिलावात खरोखर कितीला गेलं, ते शोधा. लिलावगृहाचं कमिशन आधी लेखी घ्या. दोन्ही बाजूंचे स्वच्छ स्कॅन द्या आणि दोष स्वतःहून लिहा; असा विक्रेता गिऱ्हाईक लक्षात ठेवतं.

आणि कळकळीने सांगते, जुन्या पाकिटावरचं तिकीट पाण्यात भिजवून काढू नका. शिक्का, तारीख, कुठून कुठे गेलं, हे सगळं पाकिटावर असतं. सुट्या तिकिटाला कोणी विचारणार नाही, त्याच तिकिटाच्या अख्ख्या पाकिटासाठी दोघं बोली लावतील.