पद्मिनीचं कार्पेट घरी बदलायचंय? आधी एवढी तयारी करा

कार्पेट आणायला बाजारात जाण्याआधी गाडीत पाणी कुठून येतं ते शोधा. तयारीच्या यादीत हे मी सगळ्यात वर ठेवतो, कारण जुन्या गाडीचं कार्पेट वरून झिजतं त्यापेक्षा खालून कुजतं जास्त. ओल तशीच ठेवून वर नवं कापड अंथरलं, तर पुढच्या पावसाळ्यात तोच कुबट वास येणार, आणि पत्रा आणखी एक वर्ष झाकलेल्या ओलीत गंजत राहणार. इथे मी प्रीमिअर पद्मिनी समोर ठेवून लिहितोय. तुमच्याकडे ॲम्बेसेडर असेल तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

वेळ निवडताना आपल्या सांगलीचं हवामान ध्यानात घ्या. गुढीपाडवा झाला की कामाला हात घालावा आणि वळवाचा पाऊस सुरू व्हायच्या आत गाडी पुन्हा जोडून मोकळं व्हावं. एप्रिल-मेच्या दुपारी वळीव कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून सीटा बाहेर काढून ठेवायच्या असतील तर पत्र्याच्या शेडची किंवा निदान ताडपत्रीची सोय आधी करा. हाताने करायचं काम दोन-तीन दिवसांत उरकतं. खरा वेळ जातो तो वाळण्यात. त्यामुळे आठवडाभर गाडी लागणार नाही अशा बेताने सुरुवात करा आणि घरच्यांनाही तसं सांगून ठेवा.

आता पाण्याचा शोध. मॅट आणि कार्पेट जितकं उचलता येईल तितकं उचला, खाली कोरडे वर्तमानपत्राचे कागद पसरा आणि दारं लावून घ्या. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून नळीचं पाणी सोडायचं. नळीला जोर नको, नुसती धार हवी. सुरुवात खालून करा: आधी दारांचा खालचा भाग, मग खिडकीची काच, मग पुढच्या काचेचं रबर, शेवटी टप. एकेका जागी चांगली पाच मिनिटं धार धरा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. कागद जिथे पहिल्यांदा काळा पडेल तिथून वर हात फिरवत जा. पुढच्या काचेचं रबर कडक होऊन भेगाळलेलं असेल तर पाणी डॅशबोर्डच्या मागून पायांपाशी उतरतं आणि ओल दिसते भलतीकडेच. दाराच्या तळाला पाणी जायची बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की दारात पाणी साठतं आणि आतल्या बाजूने कार्पेटवर येतं. तिथे एक तार फिरवली की काम होतं. इंजिनकडून वायरी आणि केबली जिथून आत येतात तिथली रबरी बुचं, तळाची बुचं, डिकीचं रबर, सगळं बघून घ्या. पेडलांजवळ ओल दिसली तर बोट लावून बघा. चिकट लागली आणि पत्र्याचा रंग फुगलेला दिसला तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. मग कार्पेट बाजूला ठेवा आणि आधी ब्रेकचं काम करून घ्या.

गळती सापडली की उघडायला घ्या. पहिलं काम बॅटरी सोडवायचं, तेही बॉडीला जोडलेली अर्थिंगची केबल आधी काढून. कार्पेटखालून मागच्या दिव्यांच्या आणि पेट्रोलच्या काट्याच्या वायरी गेलेल्या असतात. इतक्या वर्षांत त्यांचं आवरण तडकलेलं असतं, ओढताना उघडी तार पत्र्याला टेकू शकते. सीटच्या रुळांचे बोल्ट आदल्या रात्रीच गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवून ठेवा. बोल्ट नुसता गरगर फिरत असेल तर खालून नट धरायला माणूस लागेल. त्यासाठी गाडी उचलायची तर स्टँड हवेतच. जॅकवर किंवा विटांवर उभ्या केलेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका, मग तो कितीही सराईत असो. दाराच्या उंबऱ्यावरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे स्क्रू हळू सोडा. या पट्ट्या वाकल्या की पुन्हा सरळ दिसत नाहीत आणि मनासारख्या जुन्या पट्ट्या आता सहजासहजी मिळत नाहीत. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा आणि बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत चिठ्ठी लावून ठेवा.

जुनं कार्पेट कितीही घाण असलं तरी नवं बसेपर्यंत टाकू नका. तोच तुमचा साचा आहे. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूने 'पुढचा डावा', 'मागचा उजवा' असं लिहा, समोरची बाजू बाणाने दाखवा आणि उन्हात वाळवा. जुनं कापड कुठे ताणलेलं, कुठे आक्रसलेलं असतं, म्हणून त्यावरून थेट कापड कापायचं नाही. आधी खाकी कागद कापायचा, तो गाडीत घालून बघायचा आणि मगच कापडाला कात्री लावायची. चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त ठेवा.

यानंतर तळ उघडा पडतो, आणि इथे घाई करू नका. आधी सगळं झाडून, पुसून कोरडं करा. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने इंचाइंचाला ठोकत चला. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. शंका येईल तिथे टोक दाबून बघा. टोक आत गेलं तर तिथे पत्रा उरलेलाच नाही. तळाच्या पत्र्यावर चिकटवलेली डांबरी शीट जिथे घट्ट आहे तिथे ती राहू द्या. जिथे फुगली असेल तिथे मात्र काढाच, कारण तिच्याखाली पाणी धरलेलं असतं. पद्मिनीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार घेते. म्हणून तळाची आणि उंबऱ्याची भोकं एमसील किंवा फायबरने बुजवणं मला अजिबात मान्य नाही. तिथे पत्राच लागतो आणि तो चांगल्या वेल्डिंगवाल्याकडूनच लावून घ्यावा. टाकी मागे आणि इंजिन पुढे, म्हणजे पेट्रोलची नळी तळाखालून जाते, ब्रेकची नळीही तिथूनच. त्या कुठे आहेत ते त्याला स्वतः वाकून दाखवा, आणि वेल्डिंग चालू असताना आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा.

गाडी पुरात सापडलेली असेल तर काम वाढतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नंतर २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. गावभागातल्या किंवा नदीकाठच्या कुणाकडून गाडी घेतली असेल तर उंबऱ्याच्या पोकळीत बोट घालून बघा. नखात बारीक, राखाडी गाळ आला तर ती पोकळी आतून नळीने धुऊन काढावी लागेल, खालच्या भोकातून पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग उन्हात दारं उघडी टाकून चार दिवस वाळवा. गाळ ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खात राहतो. वरून मारलेला रंग तिथे पोचत नाही.

वरवरचा गंज असेल तर वायर ब्रश आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. त्यावर गंज काळा पाडणारं कन्व्हर्टर लावा, ते वाळू द्या, मग प्रायमर. आपल्याकडे पुष्कळ जण रेड ऑक्साइड मारून थांबतात. पण तो नुसता प्रायमर आहे, त्यातून ओल आत झिरपते. वर रंगाचे दोन हात हवेतच, आणि सांध्यांना सीलर. गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपुढची असेल आणि व्हिंटेज म्हणून नोंदवायचा विचार असेल, तर तळाच्या कामाचे आधीचे-नंतरचे फोटो जपून ठेवा. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत गाडी मूळ रूपात असावी आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे.

आता कुठे कापड. लग्नाच्या मांडवात अंथरतात ते पातळ कार्पेट स्वस्त मिळतं, पण ते ताणलं की विरतं आणि टाचेखाली लवकर भोक पडतं. नायलॉन महाग असलं तरी दबलेली लव पुन्हा उभी राहते आणि उष्णताही जास्त सोसते. पॉलिप्रॉपिलीन पाणी पीत नाही ही जमेची बाजू, मात्र सायलेन्सरच्या वरच्या भागात ते जपून वापरावं लागतं. पद्मिनीला २ मीटर पन्ह्याचं साधारण ३ मीटर कापड पुरावं, तरी आधी कागदी साचे जमिनीवर मांडून मोजा. मांडताना सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर एकाच थानातले दोन तुकडे दोन रंगांचे दिसतात. आणि साचा कापडाच्या पाठीवर आखणार असाल तर तो उलटा ठेवायचा, हे विसरलात तर डाव्याचा उजवा होतो. गिअर स्टिअरिंगला असेल तर मधल्या टनेलवर, म्हणजे तळाच्या मधोमध असलेल्या लांब उंचवट्यावर, भोक पाडायचं नाही, तेवढं काम सोपं.

खाली तागाचा नमदा घालायची जुनी पद्धत. त्याने आवाज छान दबतो, पण एकदा भिजला की आठ-आठ दिवस वाळत नाही. आपल्या पावसात मी बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा, ५ मिलिमीटर फोम सुचवेन, आणि इंजिनकडच्या पत्र्यावर व टनेलवर ॲल्युमिनियमचा वर्ख असलेला. याहून जाड घेऊ नका; सीटचे बोल्ट अपुरे पडतात.

कडा घरच्या शिलाई मशीनवर होणार नाहीत. शंभर फुटी रोडला किंवा तुमच्या ओळखीच्या कुशनवाल्याकडे एक तुकडा घेऊन जा आणि त्याचं मशीन एवढी जाडी घेतं का ते बघा. रेक्झिनची पट्टी लावून कडा शिवून घ्या, आणि ड्रायव्हरच्या टाचेखाली रबराचा तुकडा त्याच वेळी बसवून घ्या.

चिकटवायला रबर बेसचं सोल्यूशन लागतं, फेविकॉल एसआर ९९८ सारखं. दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. चारही दारं उघडी हवीत आणि जवळपास विडी, सिगरेट, समई, काहीही पेटतं नको. पण हे सगळं फक्त उभ्या भागांना आणि टनेलला. पायाखालचे तुकडे मुळीच चिकटवू नका. त्यांना प्रेस बटणं लावा, म्हणजे पावसाळ्यात काढून वाळवता येतील आणि खालचा पत्राही बघता येईल. आधी टनेल, मग बाजूचे तुकडे, शेवटी उंबऱ्याच्या पट्ट्या, असा क्रम ठेवा. बोल्टच्या भोकांसाठी ड्रिल वापरू नका. लवेचा एक धागा त्यात अडकला की फर्र्कन उसवत जातो. पकडीत धरून तापवलेला खिळा टोचा, कड वितळून आपोआप बंद होते. मात्र सोल्यूशनचा वास पूर्ण गेल्यावर, आणि तुकडा गाडीबाहेर आणून.

सीटा बसवल्यावर, बॅटरी जोडण्याआधी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडा आणि दुसऱ्याला बॉनेट उघडून कार्ब्युरेटरकडे बघायला सांगा. थ्रॉटल, म्हणजे तिथली पेडलने उघडणारी झडप, पुरता उघडला पाहिजे आणि झटक्यात मागे आला पाहिजे. पेडल कार्पेटला जरा जरी घासत असेल तर तिथला फोम कापून टाका. ब्रेक आणि क्लचचंही असंच तपासा, मग सीटचे बोल्ट पान्याने पुन्हा एकदा आवळा आणि दोन्ही सीटा पुढे-मागे हलवून बघा.