बारावी झाली, स्टिक हातात आहे, आता ॲडमिशन कुठं आणि कशी घ्यायची

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरात हॉकी खेळणाऱ्या प्रत्येक घरात एकच वाद सुरू होतो, शिकायचं का खेळायचं. घरचे म्हणतात बास झालं आता, कोच म्हणतात अजून दोन वर्षं दे, आणि पोरगं मधल्यामध्ये बाहेरून बीएचा फॉर्म भरून मोकळं होतं, म्हणजे लेक्चरची कटकट नाही आणि सकाळ-संध्याकाळ टर्फ मोकळं. हे ऐकायला लई भारी वाटतं पण सगळ्यात महागात पडतं ते हेच. अंडर 19 च्या शालेय स्पर्धा संपल्या की आपल्याकडच्या पोरांना वरचं हॉकी मिळायचा सगळ्यात मोठा रस्ता युनिव्हर्सिटीतून जातो, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळायला रेग्युलर, पूर्णवेळ ॲडमिशन लागते. बाहेरून शिकणाऱ्याला तिथं एंट्री नाही. म्हणजे ज्या हॉकीसाठी कॉलेज सोडलं तीच हॉकी हातातनं जाते.

रस्ता कसा आहे ते आधी समजून घ्या. कॉलेजच्या टीममधून झोनल (आपल्या भागातल्या कॉलेजांची स्पर्धा), मग इंटरझोनल (त्यातून वर आलेल्यांची), तिथल्या खेळावरून शिवाजी विद्यापीठाच्या संघाचं सिलेक्शन (आपल्या विद्यापीठात कोल्हापूर, सांगली, सातारा असे तीन जिल्हे येतात), मग पश्चिम विभागातल्या विद्यापीठांची स्पर्धा, आणि तिथं वरच्या नंबरात आलात की ऑल इंडिया आंतरविद्यापीठ. ही स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ घेतो, म्हणजे आपण ज्याला एआययू म्हणतो ते. 2020 ला भुवनेश्वरला खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स सुरू झाले, त्यातही हॉकी आहे, आणि तिथं जायचा रस्ताही ऑल इंडियातल्या कामगिरीवरूनच. वयाची अट 17 ते 25, त्यामुळं 'एक वर्ष गॅप घेतो, मग बघू' म्हणणाऱ्यांनी बोटं मोजून बघावीत.

आता नोकरीचं, कारण घरच्यांना पटवायचं तर हेच बोलावं लागतं. रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्यात लेव्हल (म्हणजे पगाराची श्रेणी) 2 आणि 3 ला बारावी चालते, लेव्हल 4 आणि 5 ला ग्रॅज्युएशन लागतं, आणि लेव्हल 2-3 साठी जे खेळाचे निकष आहेत त्यात ऑल इंडिया आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या तिनात असणं हाही एक आहे. बघा म्हणजे, कॉलेजात गेलात म्हणून पदक, आणि पदक म्हणून नोकरीचा फॉर्म. अजून एक, तिथं जुनी सर्टिफिकेटं चालत नाहीत, साधारण चालू आणि त्याआधीच्या दोन आर्थिक वर्षांतलीच कामगिरी धरतात, त्यामुळं शाळेत नेहरू कप गाजवला होता हे चार वर्षांनी सांगून काही उपयोग नाही. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण तिथंही नुसता सहभाग पुरत नाही, नंबर लागतो, आणि क्रीडा खात्याच्या उपसंचालक ऑफिसकडून सर्टिफिकेट पडताळून घ्यावं लागतं. हे काम जाहिरात आल्यावर नाही, आधीच करून ठेवायचं.

कॉलेज निवडताना कट ऑफ आणि बिल्डिंग बघू नका, जिमखान्यात जा. तिथल्या सरांना सरळ विचारा, गेल्या वर्षी हॉकीची टीम पाठवली होती का, किती पोरं विद्यापीठाकडून खेळली, फी माफी किंवा किटचं काय. कोल्हापुरात फुटबॉलचा नाद खुळा आहे हे सांगायला नको, बऱ्याच कॉलेजात फुटबॉलला पोरं मावत नाहीत आणि हॉकीला अकरा जमवताना सरांची दमछाक होते. एका अर्थानं हे बरंच आहे, चांगला खेळाडू हवाच असतो त्यांना, म्हणून ॲडमिशनआधीच बोलून घ्या. गोली म्हणजे गोलकीपर असाल तर जास्तच जोरात बोला, कारण पॅड, किकर, हेल्मेटसकट किट स्वतःच्या खिशातनं घ्यायचं म्हणजे घरचं बजेट कोलमडतं.

कोर्स कुठला? माझं स्पष्ट मत, सायन्सला प्रॅक्टिकल चुकली की भरून निघत नाहीत, त्यामुळं खरंच आवड असेल तरच घ्या, नाहीतर आर्ट्स किंवा कॉमर्स बरं, त्यात कमीपणा काही नाही. इंजिनिअरिंग करत खेळणारी पोरं पण आहेत, ती पहाटे साडेपाचला टर्फवर असतात आणि रात्री जर्नल लिहितात, तुमचं तुम्ही ठरवा. नव्या शैक्षणिक धोरणात खेळाला क्रेडिट मिळायची सोय आली आहे, आणि कॅम्पमुळं मध्येच थांबावं लागलं तर पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन नंतर परत येता येतं, पण सगळी डिग्री सात वर्षांच्या आत संपवायची.

हजेरी 75 टक्के आणि सेमिस्टरची परीक्षा ही खरी डोकेदुखी, कारण थंडीत स्पर्धा आणि पेपर एकमेकांवर येतात. सिलेक्शनचं पत्र हातात पडल्या दिवशी त्याची झेरॉक्स काढून अर्जासोबत प्राचार्य, परीक्षा विभाग आणि वर्गशिक्षक तिघांकडे द्या आणि आवक नंबर (अर्ज पोचल्याची नोंद) घ्या. परत आल्यावर 'सर मी खेळायला गेलतो' म्हणून हात जोडत बसण्यापेक्षा हे बरं.

फाइलचं पण सांगतो. दहावी-बारावीचं मार्कलिस्ट, ॲडमिशनची पावती, आधार, फोटो, हॉकी इंडियाचा रजिस्ट्रेशन नंबर आणि सगळी सर्टिफिकेटं एका जागी. नाव मात्र सगळीकडं सारखं पाहिजे. दहावीच्या मार्कलिस्टवर 'पाटील सौरभ रमेश' आणि राज्य स्पर्धेच्या सर्टिफिकेटवर नुसतं 'सौरव पाटील' असेल तर पडताळणीत अडकलाच म्हणून समजा, आणि ते दुरुस्त करायला ज्या संघटनेनं दिलंय तिच्याकडं हेलपाटे. सर्टिफिकेट हातात आलं की बसमध्ये बसायच्या आधी स्पेलिंग आणि जन्मतारीख वाचा, तिथं उभ्या उभ्या दुरुस्त होतं.

पोरींच्या आईवडलांना एवढंच, शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके भारताकडून खेळल्या, त्यामुळं 'आपल्याकडं कुठं काय' हे म्हणू नका.

बाहेर जायचं असेल तर पंजाबात अमृतसरचं गुरू नानक देव विद्यापीठ, पतियाळाचं पंजाबी विद्यापीठ, तिथं हॉकी वेगळ्याच लेव्हलची आहे, पण तिथं टीममध्ये जागा मिळणं पण तेवढंच अवघड, तेव्हा ट्रायल दिल्याशिवाय मायग्रेशन (विद्यापीठ बदलायचा दाखला) काढू नका. खेळ थांबल्यावर कोचिंगमध्ये यायचं असेल तर डिग्रीनंतर बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) आहे, त्याच्या सीईटीत म्हणजे प्रवेश परीक्षेत मैदानी चाचणी पण असते, किंवा पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमा, आणि त्यालाही साधारणपणे आधी पदवीच मागतात.