कोडआधी कागद: कोकणात बसून सॉफ्टवेअर करणाऱ्यांसाठी

मी रत्नागिरीत वकिली करते. माझ्याकडची बहुतेक प्रकरणं जमिनीची: वाटण्या, कुळं, पायवाटा. गेल्या काही वर्षांत मात्र फायलींमध्ये एक नवा प्रकार शिरलाय. चिपळूण, कुडाळ, मालवण, गुहागर इथे घरी बसून ॲप आणि वेबसाइट करून देणारी मुलं-मुली येतात. होमस्टेचं बुकिंग, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, बोटीच्या फेऱ्यांची तिकिटं अशी त्यांची कामं असतात. भांडण उभं राहतं तेव्हा त्यांच्या हातात कामाचा पुरावा भरपूर असतो, पण कराराचा एक कागदही नसतो. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पक्कं करा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या व्याख्येत कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत धरला आहे. कलम १७ प्रमाणे कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. तुम्ही कुणाच्या नोकरीत असाल आणि नोकरीचं काम म्हणून कोड लिहिला असेल, तर वेगळा करार नसल्यास मालक कंपनी. तुम्ही स्वतंत्रपणे काम घेतलं असेल, तर पैसे ग्राहकाने दिले तरी लेखी हस्तांतरण होईपर्यंत कोडचा कॉपीराइट तुमचाच.

इथे ग्राहकाचा खरोखर गैरसमज होतो, आणि त्याला कारणही आहे. वेबसाइट करून घेणाऱ्या होमस्टेवाल्याने पैसे देऊन फोटोग्राफरकडून खोल्यांचे फोटो काढून घेतले, तर वेगळं काही ठरलेलं नसताना त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा असतो. कलम १७ मध्ये फोटो, चित्रं, चित्रपट यांच्यासाठी तशी खास तरतूद आहे. सॉफ्टवेअरसाठी ती नाही. एकाच वेबसाइटवरचे फोटो त्याचे आणि कोड तुमचा, अशी स्थिती होते. "पैसे मी दिले, मग वेबसाइट माझी" हे तो मनापासून म्हणतो. मालवणच्या एका मुलाने मला विचारलं होतं, "बाईंनू, कोड माझोच मा?" होय, त्याचाच होता. पण ग्राहकाने तो दुसऱ्या माणसाला देऊन तीन होमस्टेंसाठी वापरला होता, आणि "दुसरीकडे वापरू नका" असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. हक्क त्याच्याकडे होता, तरी वापराची परवानगी किती दिली होती हे फोनवरच्या बोलण्यातून सिद्ध करत बसावं लागलं.

म्हणून पहिली पायरी करार. हस्तांतरण लेखी आणि सहीचं हवं, असं कलम १९ सांगतं. त्याच कलमात न लिहिलेल्या गोष्टींचे परिणामही दिले आहेत, आणि ते बहुतेकांना ठाऊक नसतात. मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण ५ वर्षांचं धरलं जातं. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. आणि ज्याने हक्क घेतले त्याने वर्षभरात ते वापरले नाहीत, तर करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास ते हस्तांतरण संपतं. ग्राहकालाही हे दाखवा. नीट करार त्याच्याही फायद्याचा आहे हे पटलं की सही करायला तो कुरकुरत नाही.

मी साधारण असा मजकूर घालते:

"या कामासाठी विकासकाने खास लिहिलेला सोर्स कोड व डेटाबेसचा आराखडा यांतील कॉपीराइट, ठरलेली संपूर्ण रक्कम विकासकाच्या खात्यात जमा झालेल्या दिवसापासून ग्राहकाचा होईल. हे हस्तांतरण कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी व जगभरासाठी असून, एका वर्षात वापर न केल्याने ते रद्द होणार नाही. परिशिष्ट 'अ'मधील, विकासकाने आधीच तयार केलेले व इतर कामांतही वापरले जाणारे भाग विकासकाचेच राहतील. ते या सॉफ्टवेअरमध्ये कायम वापरण्याची परवानगी ग्राहकाला आहे, स्वतंत्रपणे विकण्याची नाही. परिशिष्ट 'ब'मधील ओपन सोर्स भागांना त्यांचे मूळ परवाने लागू राहतील."

"संपूर्ण रक्कम जमा झालेल्या दिवसापासून" हे शब्द सोडू नका. शेवटचा हप्ता अडकतो, तेव्हा तेच कामी येतात. कॉपीराइट द्यायचाच नसेल तर नुसता परवाना द्या आणि किती ठिकाणी, किती काळ वापरायचं ते लिहा. लॉगिनचा साचा, पावती छापणारा भाग अशा तुमच्या नेहमीच्या गोष्टी परिशिष्ट 'अ'मध्ये नावानिशी आल्या पाहिजेत. नाहीतर पुढच्या ग्राहकाच्या कामात आपलाच कोड वापरताना तुम्ही अडचणीत याल.

कागदावरच्या एका ओळीची किंमत किती, याचं अमेरिकेतलं उदाहरण मी प्रत्येकाला सांगते. नॉव्हेल कंपनीने १९९५ साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा व्यवसाय सांता क्रूझ ऑपरेशनला विकला. विक्रीच्या करारात वगळलेल्या मालमत्तेची यादी होती, आणि त्या यादीत कॉपीराइट होते. पुढच्या वर्षी त्यात दुरुस्ती झाली, तीही धूसर. पुढे तो व्यवसाय ज्यांच्याकडे गेला त्या एससीओ ग्रुपने मार्च २००३ मध्ये, लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये युनिक्सचा कोड घातला म्हणून आयबीएमवर दावा लावला आणि लिनक्स वापरणाऱ्या कंपन्यांकडेही परवान्याचे पैसे मागायला सुरुवात केली. नॉव्हेल म्हणाली, कॉपीराइट आम्ही विकलेच नव्हते. २००७ मध्ये न्यायालयाने नॉव्हेलच्या बाजूने कौल दिला, अपिलानंतर २०१० मध्ये ज्युरीनेही तेच सांगितलं. आयबीएमशी चाललेलं प्रकरण मिटायला २०२१ उजाडलं. व्यवसाय विकत घेताना कॉपीराइट आला की नाही, एवढं एका वाक्यात स्वच्छ लिहिलेलं असतं तर या भांडणाचा मोठा भाग उभाच राहिला नसता.

ओपन सोर्सबद्दल, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरबद्दल, थोडक्यात. फुकट मिळतं म्हणजे अटी नाहीत असं नव्हे. एमआयटी परवान्यात मूळ कॉपीराइटची सूचना ठेवली की बहुतेक काम भागतं. जीपीएल या परवान्याचा भाग घालून केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलंत, तर सोर्स कोडही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. वेबसाइट करण्याचं वर्डप्रेस जीपीएलखाली आहे. एजीपीएल परवान्याचा भाग बदलून नुसता सर्व्हरवर चालवलात, तरी वापरणाऱ्यांना सोर्स देण्याची अट लागते. त्यामुळे ग्राहकाला "सगळा कोड फक्त तुमचा" असं लिहून देण्याआधी परिशिष्ट 'ब' भरा.

मुंबई-पुण्याच्या कंपनीची नोकरी गावातून करणाऱ्यांनी संध्याकाळी स्वतःचं ॲप लिहायला घेण्याआधी नेमणूकपत्र पुन्हा वाचावं. नोकरीच्या काळात केलेलं सगळं कंपनीचं, असं कलम अनेक पत्रांत असतं. स्वतःच्या कामासाठी कंपनीचा लॅपटॉप आणि कंपनीचं खातं तर अजिबात वापरू नका.

आता नोंदणी. सातबाऱ्यावर नाव चढल्याशिवाय जीव स्वस्थ होत नाही अशी आपली सवय. कॉपीराइट मात्र कोड लिहिला त्या क्षणी जन्मतो, नोंदणी सक्तीची नाही. तरीही ज्या उत्पादनावर तुमचं पोट आहे त्याची करा, कारण नोंदवहीतली नोंद प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. अर्ज ऑनलाइन होतो, साहित्यकृतीचं शुल्क ५०० रुपये. सॉफ्टवेअरसाठी सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यावी लागतात, त्यातला मजकूर झाकलेला चालत नाही. पासवर्ड, एपीआय की (दुसऱ्या सेवेला जोडून घेणारी गुप्त किल्ली) त्या पानांत नाहीत ना, हे आधी बघा. हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं.

"ॲपचं पेटंट घेऊ का?" हा प्रश्न हमखास येतो. पेटंट कायद्याचं कलम ३(के) निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम, अल्गोरिदम आणि व्यवसायाची पद्धत यांना पेटंट नाकारतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ च्या फेरीद अलानी प्रकरणात तांत्रिक परिणाम दाखवणाऱ्या शोधांसाठी दार उघडं असल्याचं म्हटलं, पण बुकिंगच्या ॲपसाठी त्या वाटेला जाऊ नका. ते पैसे ॲपच्या नावावर, म्हणजे ट्रेडमार्कवर खर्च करा. ट्रेडमार्कचा शोध आयपी इंडियाच्या संकेतस्थळावर फुकट घेता येतो, व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला (माल किंवा सेवेच्या एका प्रकाराला) ४,५०० रुपये, सॉफ्टवेअरसाठी वर्ग ९ आणि ४२ बघा. नोंदणी १० वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण. आंबाविक्रीचं ॲप असेल तर 'हापूस' हा शब्द स्वतःच्या मालकीचा करायला जाऊ नका. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते सगळ्या पट्ट्यातल्या बागायतदारांचं आहे.

नोटीस आली तर पहिल्या दिवशी काहीही पुसू नका. ना गिटचा (कोडमधले बदल तारखेनिशी नोंदवणाऱ्या साधनाचा) इतिहास, ना ईमेल, ना मेसेज. समोरच्याला फोन करून "बघू, मिटवू" म्हणू नका, तेच वाक्य पुढे कबुली म्हणून मांडलं जातं. नोटिशीत हक्क कोणता सांगितलाय ते शोधा: कॉपीराइट, ट्रेडमार्क, पेटंट की कराराचा भंग? नोंदणी क्रमांक दिलाय का? नेमका कोणता कोड, कोणतं चित्र? अनेक नोटिसा इथेच ढेपाळतात. लेखी उत्तरात तेच तपशील मागा. निराधार धमक्यांविरुद्ध कॉपीराइट कायद्याचं कलम ६० तुम्हालाच दावा लावू देतं. मात्र धमकी देणाऱ्याने तत्परतेने स्वतःचा दावा दाखल केला, तर ते कलम उपयोगी पडत नाही.

चोरी तुमच्या कोडची झाली असेल तर भीती वाटते ती मुंबईच्या खेपांची. कलम ६२ मुळे तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. म्हणजे रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गासाठी ओरोस. दाव्याचं मूल्य ३ लाख रुपये किंवा त्याहून जास्त असलं तर तो व्यापारी वाद ठरतो, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. मला ती मध्यस्थी आवडते. दोन माणसं एकाच तालुक्यातली असतात, वर्षानुवर्षांच्या तारखांपेक्षा एका खोलीत बसून हिशेब लवकर सुटतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याच्याकडे आहेत. रायगडकरांना अजून मुंबईच.

वकिलाकडे जाताना करार, नसेल तर बोलणं झालेले सगळे मेसेज, बँकेच्या नोंदी, गिटची तारीखवार यादी आणि तुमच्या व समोरच्याच्या, दोन्ही कोडची प्रत घेऊन जा. कोडच्या फायलींचा एसएचए-२५६ हॅश (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा अंकाक्षरी ठसा) त्याच दिवशी काढून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात हॅश लिहायचा असतो आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मेसेज ज्या फोनवर आले तो फोन प्रकरण संपेपर्यंत विकू नका, रिसेटही करू नका.