घरगुती मलम आणि क्रीम बिघडतं कुठे? या चुका टाळा

माझ्या फ्रिजच्या दारात एकदा कोरफडीच्या जेलची बाटली होती. ताजा गर मिक्सरमधून फिरवलेला, थोडं गुलाबपाणी आणि ‘टिकावं म्हणून’ व्हिटॅमिन ईच्या दोन कॅप्सूल. अकराव्या दिवशी झाकण उघडलं तर गळ्याशी राखाडी ठिपके, मोहरीपेक्षाही बारीक. वास मात्र अजून गुलाबाचाच. आदल्या रात्री तेच जेल मी तोंडाला चोपडलं होतं, ते आठवून पहिल्यांदा आरशाकडे धावले.

चूक कॅप्सूलची नव्हती, माझ्या समजुतीची होती. व्हिटॅमिन ई तेलाला लवकर खवट होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. बुरशीला आणि जंतूंना त्याचं काही सोयरसुतक नसतं. त्यांना हवं असतं पाणी, आणि ते मी बाटलीभर दिलं होतं.

तेव्हापासून कुठलीही कृती हातात आली की आधी एकच बघते: यात पाणी आहे का? कोरफडीचा गर, गुलाबपाणी, काढा, दूध, दही, फळाचा गर, काकडीचा रस, हे सगळं पाणीच. तेल, मेण, शिया बटर (शियाच्या बियांपासून काढलेला घट्ट स्निग्ध पदार्थ) हे कोरड्या गोतातले. कोरडं मलम स्वच्छ डबीत काही महिने आरामात राहतं. पाण्याचं काहीही फ्रिजमध्ये ठेवूनसुद्धा तीन-चार दिवसांत संपवायचं. मधाचं उदाहरण घ्या. नुसता मध वर्षानुवर्षं टिकतो, कारण त्यात जंतूंच्या वाट्याला येईल इतकं मोकळं पाणीच नसतं. त्यात पाणी घालून फेसपॅकसाठी बरणी भरून ठेवा, काही दिवसांत फसफसायला लागेल.

पाण्याचं क्रीम महिनाभर वापरायचंच असेल तर सौंदर्यप्रसाधनांसाठी बनवलेलं प्रिझर्व्हेटिव्ह लागतं. ते पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणातच घालायचं, आणि बहुतेक प्रिझर्व्हेटिव्ह मिश्रण थोडं निवल्यावर घालायची असतात. उकळत्या मिश्रणात टाकली तर काही निकामी होतात. ‘नैसर्गिक’ म्हणून यातून सूट मिळत नाही. बुरशीही नैसर्गिकच असते.

पाणी चोरपावलांनीही शिरतं. धुतलेली बाटली आतून नीट वाळलेली नसते. साखरेचा स्क्रब न्हाणीघरात ठेवला जातो आणि ओल्या बोटांनी काढला जातो. स्क्रब तेलाचा असला तरी रोज चार थेंब पाणी आत गेलं की तो कोरडा राहिला कुठे? कोरडा चमचा ठेवा, किंवा त्या दिवसापुरताच वाटीत काढून घ्या.

पण सगळ्यात जास्त घोळ होतो तो पाल्याफुलांचं तेल मुरवताना. ताजी फुलं, ताजी पानं तेलात बुडवून उन्हात ठेवलेली बरणी दिसते फार सुरेख. आठवड्यानं वरच्या पानांवर पांढरी लव येते. पानातलं पाणी तेलात उतरलेलं असतं आणि तेलावर तरंगणारं पान हवेला उघडं पडलेलं असतं. पाला सावलीत इतका वाळवा की चुरगळताना कुरकुर आवाज आला पाहिजे. वाकतोय पण मोडत नाही, तर अजून एक दिवस थांबा. तेल पाल्याच्या वर निदान बोटभर हवं. दोन ते चार आठवड्यांनी सुती फडक्यातून गाळा. शेवटी फडकं करकचून पिळायचा मोह आवरा, किंवा पिळलेलं तेल वेगळ्या वाटीत ठेवून आधी वापरून टाका. गाळलेलं तेल रात्रभर काचेच्या भांड्यात स्थिर ठेवा. सकाळी भांडं उजेडात धरलं आणि तळाशी गढूळ थर किंवा पाण्याचे बारीक थेंब दिसले, तर वरचं तेल अलगद ओतून घ्या आणि तळाचं टाकून द्या. त्या दोन चमच्यांसाठी जीव तुटतो, मान्य आहे.

मलमाच्या तक्रारी त्यामानानं सोप्या. फार घट्ट झालं, फार पातळ झालं, रवाळ झालं, या तिन्हींवर उपाय आहे, कारण मलम पुन्हा वितळवता येतं. मधमाशांचं मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे गरम पाण्यात ठेवलेलं भांडं पुरतं. थेट आचेवर ठेवायचं कारणच नाही. डबीत भरायच्या मलमाला वजनानं एक भाग मेण आणि चार ते पाच भाग तेल घेऊन सुरुवात करा. चमच्यानं मोजू नका, किसलेलं मेण आणि मेणाचा खडा चमच्यात सारखे मावत नाहीत. ओतण्याआधी फ्रिजमधल्या थंड बशीवर एक थेंब टाका, मिनिटभरात गोठला की बोटानं दाबून बघा. पाक झाला का हे आपण असंच बघतो. थेंब दगडासारखा लागला तर तेल वाढवा, घसरला तर मेण.

ओठांवर वाळूसारखे कण लागतात तो शिया बटरचा स्वभाव. ते सावकाश निवलं की त्यातले काही घटक आधी गोठून कण धरतात. पूर्ण वितळवा आणि या वेळी डबी सरळ फ्रिजमध्ये ठेवून झटपट गार करा. आणि मेणाचं भांडं सिंकमध्ये धुऊ नका. गरम असतानाच कागदानं पुसा, नाहीतर मेण पुढे नळीत जाऊन गोठतं आणि मग प्लंबरला काय झालं ते समजावत बसावं लागतं.

क्रीम फाटलं, म्हणजे वर तेल आणि खाली पाणी, तर बहुतेक वेळा त्यात दोघांना बांधून ठेवणारं काही नव्हतंच. मधमाशांचं मेण एकटं हे काम नीट करत नाही. त्यासाठी इमल्सिफायिंग वॅक्स नावाचा वेगळा पदार्थ मिळतो. तो वापरूनही फाटलं तर तापमान बघा. तेल आणि पाणी दोन्ही साधारण 70 अंशांवर असताना एकत्र करा आणि निवेपर्यंत घोटत राहा. गरम तेलात गार पाणी ओतलं की मेणाच्या गुठळ्या होतात. मला विचाराल तर सुरुवातीला क्रीमच्या नादी लागूच नका. तोंड धुवून त्वचा ओलसर असतानाच थोडं मलम चोळा, काम तेच होतं.

लिंबू आणि खाण्याचा सोडा चेहऱ्यापासून लांब ठेवा. पीएच म्हणजे आम्लता मोजायची पट्टी, अंक जितका कमी तितकं आम्ल जास्त. त्वचेचा पीएच साधारण 5च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा 2च्या जवळ, सोड्याच्या पाण्याचा 8च्या वर, आणि या मोजपट्टीत एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. एक जाळतो, दुसरा त्वचेचं संरक्षक आवरण बिघडवतो. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड आणि नंतर महिनोन्महिने काळे डाग राहू शकतात. घरी सनस्क्रीन बनवायचा विचारही सोडा. ते किती संरक्षण देतं हे स्वयंपाकघरात मोजता येत नाही.

सुगंधी तेलांच्या (इसेन्शियल ऑइलच्या) बाबतीत ‘अजून दोन थेंब’ हीच चूक. चेहऱ्यासाठी एक टक्का पुरे, म्हणजे 30 ग्रॅम मलमात साधारण सहा थेंब. दालचिनी आणि लवंगेचं तेल चेहऱ्याला नकोच. नवीन काहीही कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर, जमलं तर दोन दिवस वाट बघा. डबीवर तारीख आणि सगळे घटक लिहा. पुरळ उठलं तर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

आराम देणाऱ्या उपायांतही गडबडी होतात. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, खोकल्यालाही नाही. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि त्या वयाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. वाफ घेताना पोळण्याची खरी भीती वाफेपेक्षा कलंडणाऱ्या पातेल्याची, म्हणून लहान मुलांना पातेल्याशी बसवूच नका. आणि भाजलं तर आपलं कौतुकाचं मलम लगेच लावू नका. टूथपेस्ट, लोणी, बर्फ यातलंही काही नको. वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. तेलकट थर आतली उष्णता कोंडून ठेवतो. मोठा फोड आला किंवा चेहरा भाजला तर डॉक्टरकडेच जा.

खाजऱ्या, कोरड्या त्वचेला ओट्सचं पाणी मात्र खरंच सुख देतं, फक्त ओट्स नीट दळलेले हवेत. अंदाज असा घ्या: ग्लासभर पाण्यात चमचाभर पीठ टाकून ढवळा. पाणी दुधासारखं झालं तर जमलं. पीठ तळाशी बसलं आणि वर पाणी नितळ राहिलं तर मिक्सर अजून फिरवा. अंघोळीचं पाणी कोमटच घ्या, कढत पाण्यानं खाज वाढते. दहा-पंधरा मिनिटं पुरतात, मग टॉवेलनं न घासता टिपून घ्या आणि लगेच मलम लावा. ओट्सच्या पाण्यानं फरशी भलतीच बुळबुळीत होते, मागून कोणी अंघोळीला जाण्याआधी ती धुवून टाका.