स्टोअर सेक्शनला पोस्टिंग मिळालंय? आधी मोडक्या खुर्च्या मोजा

केंद्र सरकारच्या कार्यालयात रुजू झालो आणि मला स्टोअर मिळालं. चार्ज घेताना यादीत ४२ खुर्च्या होत्या. मी मान डोलावली आणि सही ठोकली. एकही खुर्ची मोजली नाही.

पाच महिन्यांनी वार्षिक पडताळणी आली. सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या नियम २१३ प्रमाणे ती वर्षातून किमान एकदा करावीच लागते, आणि तीही ज्याच्या ताब्यात माल आहे त्याच्यासमोर. म्हणजे माझ्यासमोर. खुर्च्या भरल्या ३७. उरलेल्या पाच शोधायला शिपाई आणि मी मोबाइलचा टॉर्च घेऊन गोदामात अक्षरशः आडवे झालो. खुर्चीचा नंबर बैठकीच्या खाली पांढऱ्या रंगाने लिहिलेला असतो. तीन बैठका कपाटामागे सापडल्या, त्यांचे पाय भलतीकडेच. दोन खुर्च्या गेटवरच्या केबिनमध्ये निघाल्या, रखवालदार त्यांवर आरामात बसलेला. नवीन माणसाला माझं पहिलं सांगणं हेच : डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे कार्यालयातल्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, हातात घेऊन वस्तू बघा, मगच चार्जवर सही करा. सही झाली की ती खुर्ची तुमची.

खरेदीचं शिक्षण तसं लवकर होतं, कारण ते सगळे शिकवतात. जेम पोर्टल, म्हणजे सरकारी खरेदीची ऑनलाइन बाजारपेठ, ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालं. तिथे मिळणारी वस्तू तिथूनच घ्यायची, हा नियम १४९. दरपत्रकाशिवाय किती रुपयांपर्यंत घेता येतं, समितीमार्फत किती, निविदा कुठून पुढे, या मर्यादा मधूनमधून बदलतात. त्यामुळे सहकाऱ्याने तोंडी सांगितलेला आकडा धरू नका, ताजा आदेश काढून फाइलला लावा.

खड्डा वेगळ्याच ठिकाणी आहे. मी एकदा प्रिंटरच्या कार्ट्रिजची तीन बिलं केली, तिन्ही मर्यादेच्या आत, तिन्ही एकाच आठवड्यातली, दुकानदारही तोच. माझा हेतू वाईट नव्हता, मागणी तीन सेक्शनकडून वेगवेगळी आली होती. ऑडिटवाल्यांनी काही न बोलता तिन्ही बिलं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि तारखांवर पेन्सिल टेकवली. मोठी मंजुरी टाळण्यासाठी मागणीचे तुकडे करू नयेत, असं नियम १५७ सांगतो. तुमच्या मनात काय होतं ते फाइलवर दिसत नाही, तारखा दिसतात. तेव्हापासून मी सगळ्या सेक्शनची मागणी आधीच मागवून एकत्र करतो.

आता वस्तू घालवण्याचं काम. ते शिकवायला कुणी बसत नाही, म्हणून गोदामं तुंबतात. माझ्या मते खरेदीपेक्षा निर्लेखन, म्हणजे निकामी वस्तू रजिस्टरमधून कायमची काढणं, अवघड आहे. खरेदीत वस्तू हवी असलेला कुणीतरी मागे लागलेला असतो. भंगाराचा वाली कोण?

माझा पहिला प्रस्ताव परत आला. कारणाच्या रकान्यात मी 'जुने व खराब' लिहिलं होतं. सेक्शनमधले निवृत्तीला आलेले एक काका म्हणाले, "अरे, जुना तर मीपण आहे. काढणार का मला लिलावात?" मग प्रत्येक नगापुढे लिहिलं : पाठीचा सांधा तुटला, बैठकीचं प्लायवूड फुगलं, दुरुस्तीचा अंदाज अमुक. नियम २१७ प्रमाणे वस्तू का नको, हे ती खरेदी करण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याने नोंदवायचं असतं. तुम्ही फक्त त्याला लिहिण्याजोगं काही द्यायचं. पुस्तकी किंमत (हिशेबात आज धरलेली) आणि राखीव किंमत (जिच्या खाली विकायचं नाही ती) काढायची. पुस्तकी किंमत निघत नसेल तर मूळ खरेदीची किंमत चालते. हे सगळं याच वित्तीय नियमांतल्या जीएफआर १० या नमुन्यात भरायचं. वस्तू कुणाच्या हलगर्जीपणाने मोडली असेल तर जबाबदारी ठरवावी लागते, तिथे मात्र 'झीज' लिहून मोकळं होऊ नका.

मालाची आजची अंदाजे किंमत २ लाखांच्या वर असेल तर जाहीर निविदा किंवा जाहीर लिलाव. मुदत संपलेली औषधं या रांगेत धरायची नाहीत, ती लगेच नष्ट करायची. जुने संगणक लोखंडाच्या ढिगात टाकू नका, त्यांना ई-कचऱ्याचे वेगळे नियम आहेत. पंधरा वर्षं उलटलेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होते, त्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राकडेच जातात.

लिलावाच्या दिवशी बोली मान्य झाली की जागेवरच किमान २५ टक्के रक्कम घ्यायची आणि पूर्ण पैसे आल्याशिवाय माल हलू द्यायचा नाही. आमचा भंगारवाला दुपारीच टेम्पो घेऊन हजर. "साहेब, गाडीचं भाडं चढतंय, उद्या सकाळी भरतो की." मी गेट पास दिला नाही. टेम्पो रिकामा गेला, माणूस चिडला, तिसऱ्या दिवशी पैसे भरून आला.

मग वजनकाट्यावर एक गोची लक्षात आली. रजिस्टरमध्ये खुर्च्या नगावर, विक्री किलोवर. नुसती वजनाची पावती लावली तर कोणती खुर्ची गेली हे कधीच कळणार नाही. म्हणून माल चढण्याआधी एकेक बैठक उलटी करून नंबर वाचला, यादीवर टिक केली आणि शेजारी वजन लिहिलं. एका बैठकीवरचा रंग पार गेला होता. ती आम्ही बाजूला काढली. अजून गोदामातच आहे.