थंडीची सकाळ, जुने टायर आणि स्पोर्ट्स कार: गाडीची पकड सुटू नये म्हणून काय करावे, सुटलीच तर काय करावे

नागपुरात टायर मेमध्ये मरतो आणि ते कळते डिसेंबरमध्ये. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे ३.५ अंशांवर उतरला होता. उन्हाळ्यात भाजून निघालेल्या त्याच रबराने हिवाळ्याच्या गारठ्यात वळणावर गाडी धरून ठेवावी, अशी आपली अपेक्षा असते. साध्या हॅचबॅकला हे खपून जाते, कारण चाक जागच्या जागी फिरवून टाकेल एवढी ताकदच तिच्या इंजिनात नसते. चारशे बीएचपीची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल, तर मात्र रविवारी सकाळी तर्री-पोहे खायला निघालेला माणूस पहिल्याच चौकात, कोरड्या रस्त्यावर, आल्या दिशेला तोंड करून उभा राहू शकतो. तेही तीस-चाळीसच्या वेगात. इलेक्ट्रिकवाल्यांनी हसू नये. महिंद्राच्या बीई ६ किंवा एक्सईव्ही ९ई मध्येही मोटर मागच्या चाकांना जोडलेली आहे आणि पेडल दाबताक्षणी टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, हजर असतो.

यावरचे काम सकाळी सुरू होत नाही, आदल्या संध्याकाळी सुरू होते.

आधी टायरचे वय वाचा

टायरच्या बाजूवर डीओटी या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, जूनची सुरुवात. बाहेरच्या बाजूला ही ओळ अर्धवट, चार आकड्यांशिवाय दिसली, तर पूर्ण ओळ आतल्या बाजूला आहे असे समजा. वाकायचा कंटाळा असेल तर मोबाइल चाकामागे धरून फ्लॅश लावून फोटो काढा. चारही टायरचे आकडे बघा. सेकंडहँड घेतलेल्या गाडीत पुढचे एका सालचे आणि मागचे भलत्याच सालचे, असे सर्रास निघते.

बहुतेक जण फसतात ते इथेच. हौसेची गाडी वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालते, त्यामुळे नक्षी झिजतच नाही. टायरच्या दुकानात ऐकायला मिळते, "भाऊ, ऐंशी टक्के टायर बाकी आहे, काहून बदलता?" तो खोटे बोलत नाही. नक्षी खरोखरच बाकी असते, १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेपासून तर फारच लांब. पण नक्षीचे मुख्य काम टायरखालचे पाणी बाहेर काढण्याचे. कोरड्या रस्त्यावर गाडी धरून ठेवते ते रबर, आणि रबर नुसते उभे राहूनही म्हातारे होते. त्यातली तेले हळूहळू निघून जातात, हवेतला ऑक्सिजन रबराच्या साखळ्या एकमेकींत आणखी घट्ट गुंतवतो आणि उष्णतेने हे सगळे वेगाने होते. पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीचा मे महिना कसा जात असेल, याची कल्पना करा.

टायर कंपन्या साधारणपणे सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही दिसो, टायर काढून टाका. हा हिशेब टायर तुटू-फुटू नये यासाठीचा आहे. पकड त्याच्या कितीतरी आधी जाते. नागपूरच्या उन्हात राहिलेल्या परफॉर्मन्स टायरवर सहाव्या वर्षानंतर थंड सकाळी माझा विश्वास नसतो.

मग रबर तपासा

नक्षीच्या ठोकळ्यात अंगठ्याचे नख दाबा. चांगल्या रबरात ते रुतते आणि खूण हळूच भरून येते. कडक झालेल्या रबरावर नख घसरते. खाचांच्या तळाशी आणि बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा आहेत का, ते बघा. टायर पॉलिशने चकाकत असेल तर ते पुसून मगच बघा, कारण पॉलिशखाली भेगा छान लपतात. तसेच हे पॉलिश नक्षीवर कधीच लावू देऊ नका. वॉशिंगवाला पोरगा हौसेने सगळीकडे स्प्रे मारतो आणि पहिला किलोमीटर आपण सिलिकॉनवर चालतो.

नखापेक्षा पक्के उत्तर हवे असेल तर शोअर-ए ड्युरोमीटर ऑनलाइन मिळतो. तो टायरवर दाबला की कडकपणाचा आकडा दाखवतो. नवा परफॉर्मन्स टायर साधारण साठ ते पासष्टच्या आसपास असतो. पंच्याहत्तरच्या पुढे गेलेला टायर गाडी उभी करायला ठीक आहे. मोजताना टायर सावलीत आणि निवलेला असावा. उन्हातल्या गरम टायरचा आकडा खोटाच मऊ येतो.

आता थंडीचे. परफॉर्मन्स टायरचे रबर गरम झाल्यावर चांगले चिकटावे अशा हिशेबाने बनवलेले असते. तापमान उतरले की ते, डिसेंबरात बाटलीत घट्ट होऊन बसणाऱ्या खोबरेल तेलासारखे, आपला स्वभाव सोडते. रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरून पकडण्याऐवजी वरून सरकते. युरोपात अशा टायरसाठी सात अंशांचा ठोकताळा सांगतात: पारा त्याखाली गेला की पकड घटते. आपल्याकडे सातच्या खाली पारा मोजक्याच सकाळी जातो, म्हणून नवा टायर दहा-बारा अंशांत निभावून नेतो. जुन्याला ते जमत नाही. त्याच्याजवळ उन्हाळ्यातच काही उरलेले नसते. ट्रॅकसाठीचे सेमी-स्लिक, म्हणजे अगदी कमी नक्षीचे, टायर तर नवे असले तरी गार सकाळी हट्टीच असतात. बाजूला ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल याचा, आकडा २०० किंवा त्याहून कमी लिहिला असेल तर तुमचा टायर त्या जातीचा आहे.

सकाळी, गाडी हलण्याआधी हवा बघा

दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला दाब थंड टायरसाठी असतो. पेट्रोल पंपापर्यंत पाच किलोमीटर चालवून नेलेला टायर थंड राहत नाही, तेव्हा एक बरा डिजिटल गेज घरीच ठेवा. तापमान साधारण सहा अंशांनी उतरले की दाब एक पीएसआयने उतरतो. ऑक्टोबरच्या दुपारी ३४ अंशांत ३४ पीएसआय भरून घेतलेली हवा डिसेंबरातल्या ९ अंशांच्या सकाळी ३० च्या आसपास भरते, एकही गळती नसताना. कमी हवेत टायरची भिंत लुळी पडते आणि स्टिअरिंग वळवल्यावर गाडीचे उत्तर उशिरा येते.

इथे आपल्याकडचा एक हट्टी समज. समृद्धीवर टायर फुटू नये म्हणून हवा मुद्दाम कमी ठेवणारे बरेच आहेत. नेमके उलटे होते: कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि त्यानेच फुटायची शक्यता वाढते. नायट्रोजनबद्दलही फार भक्तिभाव नको. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच आणि थंडीत त्याचाही दाब तसाच उतरतो.

पहिली पंधरा मिनिटे टायरला द्या

टायर तापतो तो वाकण्या-सरळ होण्याने, म्हणजे चालण्याने. गाडी दारात दहा मिनिटे चालू ठेवली तर इंजिन गरम होते, टायर नाही. रेसमधल्यासारखी नागमोडी चालवूनही फार काही साधत नाही. जागेवर चाक फिरवून धूर काढला तर वरची साल तापते, आतला भाग गारच राहतो, आणि शेजारी उठतात ते वेगळे. वाहत्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे सरळ, शांत चालवणे हाच उपाय. अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्समधून थांबत-थांबत काढलेला अर्धा तास यात मोजू नका. रखडत चालणाऱ्या गाडीचे टायर गारच राहतात.

गाडीत टायरचा दाब दाखवणारा मॉनिटर असेल तर काम सोपे आहे. निघतानाच्या आकड्यापेक्षा दोन-तीन पीएसआय वाढले की टायर तापले. तोपर्यंत वळणात असताना ॲक्सिलरेटर वाढवायचा नाही, गाडी सरळ झाल्यावरच वाढवायचा. टर्बो गाडीत एक गिअर वरचा ठेवा, कारण बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेली ताकद, वळणाच्या मध्यावर एकदम येतो आणि चाकाची पकड सुटते ती त्याच क्षणी. ब्रेकसाठी अंतर जास्त ठेवा. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण नसलेली पकड कुठून आणणार?

रस्ताही वाचा. फुटाळा, अंबाझरी, गोरेवाड्याच्या बाजूला सकाळी दव असते आणि ओल्या झेब्रा क्रॉसिंगचा जाड पांढरा रंग जुन्या टायरखाली साबणच होतो. वर्धा रोडवर उड्डाणपुलाच्या सावलीत रस्ता उशिरापर्यंत गार राहतो. बांधकामाजवळ सांडलेली रेती आपल्या शहरात बारमाही. शिवमडक्याला समृद्धीवर चढताना, शहरातून रमतगमत आल्यावर, नाका सुटला की पाय खाली दाबायचा मोह सगळ्यांनाच होतो. तिथले पहिले काही किलोमीटर शंभरच्या आत काढा. कारसाठीची १२० ची मर्यादा कुठे पळून जात नाही.

घसरती गाडी आपोआप सावरू पाहणारे स्थिरता नियंत्रण (ईएससी) बंद करू नका आणि स्पोर्ट मोडही टायर तापेपर्यंत नको, कारण अनेक गाड्यांत त्या मोडमध्ये हे नियंत्रण उशिरा हात घालते. घसरत्या गाडीचे चित्र असलेला पिवळा दिवा कोरड्या रस्त्यावर, साध्या वळणात लुकलुकला तर टायर काय सांगतो आहे ते ऐका.

मागचा भाग सुटला तर

हे डोळ्यांआधी कमरेला कळते. सीटखालून गाडी बाजूला सरकल्यासारखी वाटते, इंजिनाचा आवाज अचानक चढतो आणि नाक वळणाच्या आत जाऊ लागते. आता हातात सेकंदभरच असतो.

नजर जायचे आहे त्या दिशेला न्या, डिव्हायडरकडे नको. हात नजरेमागे जातात, म्हणून हे सगळ्यात आधी. ॲक्सिलरेटर हलका करा, पण पाय झटक्याने उचलू नका. एकदम सोडला तर वजन पुढच्या चाकांवर जाते, मागची चाके आणखी हलकी होतात आणि घसरण वाढते. त्याच वेळी मागचा भाग ज्या बाजूला निघाला त्याच बाजूला स्टिअरिंग द्या: उजवीकडे गेला तर उजवीकडे, जेवढी गाडी वळते आहे साधारण तेवढेच. ब्रेकवर पाय नको.

बहुतेक जण इथवर ठीक करतात आणि पुढे चुकतात. टायर पुन्हा पकडतो तो हळूच नाही, एकदम पकडतो. त्या क्षणी स्टिअरिंग अजून वळलेलेच असेल तर गाडी विरुद्ध बाजूला भिरकावली जाते आणि ही दुसरी घसरण पहिलीपेक्षा जोरात असते. म्हणून मागचा भाग परत येऊ लागला की लगेच, तो पूर्ण येण्याची वाट न बघता, स्टिअरिंग सरळ करत आणा.

गाडी आडवीच झाली, आता सावरत नाही असे दिसले, तर खटपट सोडा. ब्रेक पूर्ण दाबा, मॅन्युअल असेल तर क्लचही, आणि गाडी थांबेपर्यंत पाय उचलू नका. मध्येच ब्रेक सोडला तर चाके पकडतात आणि गाडी त्या क्षणी जिकडे तोंड असेल तिकडे उडी घेते. थांबल्यावर आधी हझार्ड लाइट, मग शक्य असेल तर कडेला.

पुढचा भाग सुटला तर

ऑक्टेव्हिया आरएससारख्या पुढच्या चाकांच्या गाडीत हे जास्त होते. स्टिअरिंग अचानक हलके होते आणि वळवूनही गाडी सरळच जाते. हात आपोआप आणखी वळवू पाहतात. नको. ॲक्सिलरेटर कमी करा, स्टिअरिंग किंचित मागे सोडा, चाके पकडली की पुन्हा हळूच वळा.

हे वाचून पाठ होणार नाही, आणि रिंग रोडवर रात्री करून बघणे हा सराव नव्हे. कोइम्बतूर आणि चेन्नईला रेसिंग ट्रॅक आहेत. तिथल्या एखाद्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्याला शेजारी बसवून गाडी एकदा मुद्दाम सुटू द्या.

टायर बदलताना

चारही एका कंपनीचे, एकाच नक्षीचे घ्या. दोनच परवडत असतील तर नवे दोन मागे. गाडी पुढच्या चाकांची असली तरी मागेच, कारण पुढून घसरणारी गाडी सावरणे मागून घसरणारीपेक्षा सोपे असते. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असतील तर मात्र मागचे टायर पुढे आणता येत नाहीत. जून २०२० मध्ये केंद्राने टायर आयातीवर निर्बंध आणल्यापासून खास मापांची वाट बघावी लागते, तेव्हा दिवाळीआधीच चौकशी सुरू करा. आणि वाट बघून आलेला टायर दुकानात आधीच दोन वर्षे पडून होता, असे होऊ देऊ नका: बसवण्याआधी तेच चार आकडे वाचा आणि वर्षापेक्षा जुना असेल तर परत करा. नव्या टायरवर साच्यातल्या तेलकट थराचा अंश असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर सबुरीने. बिलावर चारही टायरचे आठवडा आणि वर्ष लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी ते लागते आणि उद्या गाडी विकायला काढलीत तर घेणारा, शहाणा असेल तर, पहिल्यांदा तेच विचारेल.